कारमीनबाय हजर होती

कारमीनबायने माझं तोंड उघडायला लावून आत डोकावून पाहिलं, ती आमची पहिली भेट.

मी कोल्हापूरकडचा. शिक्षक म्हणून पहिली नेमणूक झाली ती थेट मालवण तालुक्यातल्या एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही. शाळेत रुजू होऊन आठवडाही झाला नसेल, तोच एका सकाळी वर्गाच्या दारात एक उंच, हडकुळी बाई येऊन उभी राहिली. पांढरी साडी, गळ्यात काळ्या दोऱ्यातला लहानसा क्रूस, खांद्याला कापडी पिशवी, पायात पुरुषी रबरी चपला आणि बाहेर लख्ख ऊन असताना काखेत छत्री. गावच्या उपकेंद्राची ही नर्स. पोरांना लोहाच्या गोळ्या द्यायला आली होती. गोळ्या वाटून झाल्या, पोरांनी पाणी प्यायलं, आणि बाई एकेका बाकाजवळ जाऊन म्हणू लागली, "आ कर."

"गिळलंय गो बाय," शेवटच्या बाकावरचा एक जण म्हणाला.

"सांगा नको, दाखय."

त्याच्या जिभेखालून गोळी निघाली. मग बाई माझ्याकडे वळली. गोळी शिक्षकांनीही घ्यायची असते आणि मी खरोखरच घेतली होती, तसं मी सांगितलं. बाईने चष्मा वर सरकवला आणि तेच शब्द मलाही ऐकवले. सगळ्या वर्गासमोर मी आ केला. पोरं महिनाभर मला पाहून तोंड दाबून हसत होती आणि मी महिनाभर त्या बाईवर धुमसत होतो.

तिचं खरं नाव कार्मेलीन डिमेलो. गावाने ते घासून कारमीन केलं आणि पुढे बाय जोडलं. मालवणजवळच्या एका ख्रिस्ती वाडीतली ही मुलगी नर्सिंग करून तरुणपणीच इथे आली आणि उपकेंद्रामागच्या दोन खोल्यांत राहिली ती राहिलीच. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची गावात कुणाची छाती नव्हती. आईबाप गेल्यावर तिच्या मागे उरला एक भाऊ, पावलू, तारकर्लीला पर्यटकांसाठी खोल्या बांधून बसलेला, आणि सोबतीला एक काळा बोका. बोक्याच्या गळ्याखाली पांढरा पट्टा होता म्हणून त्याचं नाव पाद्री. "पाद्री, उतर तिथून!" असं ती दिवसातून कितीदा तरी ओरडायची. एकदा खरेखुरे फादर तिला भेटायला आले असताना ती ओरडली आणि फादर बिचारे पायरीवरून खाली उतरले.

गोड बोलणं तिला येत नव्हतं. बाळंतिणीला "रडा नको, पोर तुजां हा, तूच रडलंस तर तां काय करतलां?" असं दरडावायची आणि त्याच वेळी तिच्या पाठीखाली आपली स्वतःची उशी सरकवायची. कुणी म्हणालं, "बाय, माका बरां आसा," की ती नखं पाहायची, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहायची. सांगण्यावर तिचा विश्वासच नव्हता. स्वतःच्यासुद्धा. पावसात ओढा भरून ती पलीकडच्या वाडीत जाऊ शकली नाही, तर रजिस्टरात "व्हाळ भरल्याने गेले नाही" असंच लिहायची. वरून विचारणा व्हायची, भेटींचा आकडा कमी का? इतर ठिकाणच्या बायका घरी बसून भेटी लिहितात, तुम्हालाच काय झालंय, असं एका साहेबांनी तिला समजावूनही पाहिलं. "साहेब," ती ऑफिसातल्या मराठीत म्हणाली, "मी गेले नाही तर गेले असं लिहिणार नाही. आणि गेले तर नाही गेले असं तुम्हालाही लिहू देणार नाही." हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं होतं.

गावाच्या देवाशी तिचं नातं मोठं गमतीचं होतं. इकडे गाऱ्हाणं घालतात. देवळासमोर गाव उभा राहतो, मानकरी देवाला हाक मारून एकेक मागणं मोठ्याने सांगतो आणि प्रत्येक मागण्यावर सारा गाव "व्हय म्हाराजा" म्हणून होकार भरतो. मानकरी आपा परब. वय झालेला, पाठीत वाकलेला, पण गाऱ्हाणं घालताना आवाज असा की पलीकडच्या वाडीतली गुरं माना वर करत. कारमीनबाय प्रत्येक गाऱ्हाण्याला हजर असायची. चपला काढून, पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून, माणसांच्या कडेला उभी. पण "व्हय म्हाराजा" म्हणून तिने कधी म्हटलं नाही. मी एकदा विचारलं.

"माझो सायब वेगळो, गुरुजी," ती गळ्यातल्या क्रूसाला बोट लावून म्हणाली. "हयसर उभी रवलेली तेका चालता. जबाब दिलेलो चालाचो नाय."

रविवारी पहिल्या गाडीने ती मालवणला चर्चमध्ये मिसेला जायची आणि दुपारच्या आत परत यायची. नाताळात घरोघर नेवऱ्या, म्हणजे करंज्या, पाठवायची, त्याही अशा कडक की आपा म्हणायचे, "बायेचां काळीज मऊ आणि नेवरी दगड."

या गावात गावपळण आहे. सिंधुदुर्गात बोटांवर मोजण्याइतकीच गावं ती अजून पाळतात. तीन-चार वर्षांनी देवाचा कौल झाला की ठरल्या दिवशी सगळा गाव शिवेबाहेर पडतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी. तीन दिवस तीन रात्री माळावर झावळ्यांच्या खोपी घालून राहायचं. त्या काळात गावात फक्त देव. शिवेच्या आत कुणी पाऊल टाकायचं नाही. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घ्यायचा आणि देवाने हो म्हटलं तर घरी परतायचं. शाळाही काजूच्या झाडाखाली भरते. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा हसलो होतो. मग एका दुपारी शिवेवरच्या व्हाळाशी उभं राहून पलीकडचं ते रिकामं गाव पाहिलं. ना धूर, ना कोंबड्याचं आरवणं, ना कुणाची हाक. त्यानंतर मी त्यावर कधी हसलो नाही.

प्रत्येक पळणीला कारमीनबाय गावाबरोबर निघायची. तिच्यासाठी वेगळी खोप असायची, बाहेर पांढरं फडकं, आत बाक आणि औषधांची पेटी. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या कानावर घालायचं, त्यांनी मान हलवायची आणि उपकेंद्राला कुलूप लावून निघायचं, अशी वर्षानुवर्षांची रीत. लेखी काही नसे. ज्या वर्षी हे घडलं त्या वर्षी डॉक्टर नवे होते. त्यांनीही मान हलवली. पुढे जेव्हा वेळ आली तेव्हा त्यांना ती आठवेना.

त्या पळणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जिल्ह्याचे एक वरिष्ठ साहेब अचानक तपासणीला आले. तेही नवीन, बाहेरच्या जिल्ह्यातले. पाहतात तो उपकेंद्राला कुलूप, नर्सच्या खोलीला कुलूप, गावात चिटपाखरू नाही. गाडी वळवून ते गेले आणि महिन्याभरात कारमीनबायच्या हाती दोषारोपांचा कागद पडला. एक, कर्तव्यावर विनापरवानगी गैरहजर. दोन, शासकीय उपकेंद्र बंद ठेवणे.

तिने तो कागद मला वाचायला दिला. दुसऱ्या आरोपावर तिचं लक्षच नव्हतं. "गैरहजर" या शब्दावर तिचं बोट होतं आणि ती ते उचलेना.

मग सल्ले सुरू झाले. तालुक्याच्या ऑफिसातून एक भला माणूस निरोप घेऊन आला: बाई, निवृत्तीला थोडंच राहिलंय. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज टाका, चौकशी सुरूच होणार नाही, सगळ्यांची अब्रू राहील. लढलात आणि हरलात तर नोकरी जाईल, पेन्शनवरही गदा येईल. तो मनापासून बोलत होता. पावलू तर स्कूटर घेऊन तिला न्यायलाच आला.

"गो, राजीनामो दी आणि चल," तो म्हणाला. "खोल्यो आसत, समोर दर्या आसा. पावण्यांका चाय दी, सांजच्या पारी वाळूत बस. थंय तुका कोण इचारतलो?"

"तांच तर रे. कोण इचारूचो नाय. म्हणान मी गैरहजर होतंय असां जाता काय?"

पावलू रागारागाने चहा न पिता गेला. पण ती ठाम होती असं समजू नका. एरवी बाळंतीण दारात आली की घरी ठेवायची की मालवणला धाडायची हे तिच्या चपला पायात सरकेपर्यंत ठरलेलं असे. तीच बाई आता दुधाचं पातेलं हातात घेऊन उभी राही आणि कशाला घेतलं ते विसरून जाई. एकदा म्हणाली, "देऊन टाकतंय अर्ज. दमलंय मी." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "नाय. देवचंय नाय." मला विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं: राजीनामा द्या. एकटी बाई, वय झालेलं, ऑफिसच्या पायऱ्या चढून चढून गुडघे जातील. ती रागावली नाही. फक्त म्हणाली, "तुमी पण?"

गाव तिच्या बाजूने होता. आपा परब एका संध्याकाळी मुद्दाम उपकेंद्राच्या पायरीवर येऊन बसले.

"बाये, इतको कित्याक इचार करतंस? देवाक कौल लावया. राजीनामो दिवचो काय लढाचां, तो सांगात."

"नको आपानू," ती झटकन म्हणाली. "तुमच्या देवाक माझो त्रास नको."

आपांनी तिच्याकडे निरखून पाहिलं आणि मग ते काठी टेकत निघून गेले. मला तिचं ते नको म्हणणं खटकलं. इतकी वर्षं या देवासमोर उभी राहणारी बाई, नुसता प्रश्न विचारायला घाबरली कशाला? मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा तिने आत जाऊन दार ओढून घेतलं आणि मग सांगितलं.

पळणीच्या दुसऱ्या दिवशी, साहेबांची गाडी येऊन गेल्यानंतर दुपारी, गावातल्याच एका सुनेला, सुगंधाला, कळा सुरू झाल्या. दिवस भरायचे होते, पण पोराला घाई होती. माळावर फोनला रेंज मिळेना. शेवटी लागला, पण ॲम्ब्युलन्स लांब होती. पोर बायच्या खोपीतच झालं, मुलगा, धडधाकट. पण सुगंधाचं रक्त थांबेना. रक्त थांबवायचं इंजेक्शन द्यायला बायने पेटी उघडली. इंजेक्शन नव्हतं. ते थंड ठेवावं लागतं, म्हणून निघायच्या शेवटच्या क्षणी फ्रिजमधून काढून बर्फाच्या डब्यात घालायचं असतं. नेमक्या त्याच क्षणी पाद्री माळ्यावर चढून बसला होता. गावात जिवंत काही मागे ठेवायचं नाही, ही पळणीची रीत. बाय शिडी लावून बोक्यामागे लागली, तेवढ्यात निघायचा नगारा झाला आणि ओरबाडलेल्या हातांनी टोपली उचलून ती पळत सुटली. बोका आला. इंजेक्शन फ्रिजमध्येच राहिलं.

"माझी चूक," ती म्हणाली. "मांजरामागे धावलंय आणि बायलमाणसाचो जीव इसारलंय."

उपकेंद्र व्हाळापलीकडे, पोफळीच्या बागेला लागूनच. पण मध्ये शीव. दुसऱ्या कुणाला धाडलं तर तो आयुष्यभर स्वतःला खात राहील, घरात काहीही वाईट झालं तरी त्याला तेच आठवेल, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती कुणाला काही बोलली नाही. सुगंधाचं पोट दाबून धरायला म्हाताऱ्या सुइणीला बसवलं, "हाडतंय", म्हणजे आणते, एवढंच म्हणाली आणि स्वतः गेली. माळ जेवून सुस्तावला होता. तिने चपला काढून हातात घेतल्या, व्हाळ ओलांडला, उपकेंद्राचं कुलूप उघडलं, इंजेक्शन घेतलं आणि परत आली. सुगंधा वाचली. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा ती पोराला पाजत होती.

"ज्याच्या शिवेत मी चोरासारखी शिरलंय," ती म्हणाली, "तेकाच कौल इचारू? माझो सायब वेगळो आसा, पण म्हणान मी ह्याची लाज सोडलंय नाय."

मी मात्र उडालोच. आनंदाने. "अहो, मग झालंच की! त्या दिवशी दुपारी तुम्ही केंद्र उघडलं, औषध काढलं, पेशंट वाचवला. एवढं सांगितलं की दोन्ही आरोप खलास!"

ती माझ्याकडे, मी अगदीच घाटावरून आलोय अशा नजरेने पाहत राहिली.

"आणि त्या पोराचां काय? ह्याच्या जल्माक पळण मोडली, म्हणतले. पाऊस कमी पडलो, त्याच्यामुळे. गाय मेली, त्याच्यामुळे. सुगंधाची सासू तशी बरी, पण तिच्या तोंडाक टाको घालूचो कोणी?"

हे खोटं नव्हतं. गाव वाईट नाही, पण गाव गाव आहे. मी मग चिडलो. हत्यार घरी ठेवून लढाईला जायचं असेल तर जायचंच कशाला, द्या राजीनामा आणि जा तारकर्लीला, असं मी तिला तोडून बोललो.

त्यानंतरचा लसीकरणाचा दिवस. मी शाळेच्या काहीतरी कामासाठी उपकेंद्रात गेलो होतो. बायका पोरं घेऊन बसलेल्या. सुगंधा पुढे आली, पोराने टाहो फोडला, बायने सुई मागे घेऊन कापूस दाबला. सुगंधा पोराला थोपटत सहज म्हणाली, "बाय, त्या दिवशी तू नसतंस तर माझां काय झाला आसता गो?"

कारमीनबायचा हात थांबला. तिने माझ्याकडे मान वळवली.

"ऐकलास, गुरुजी? नसतंस तर, म्हणता. म्हणजे मी होतंय." मग कापूस टाकून ती पुढच्या पोराला घेत म्हणाली, "ह्यां लिवन घेतल्याबिगर मी जावचंय नाय. दुसरो आरोप रवांदे. माका शिक्षा देवांदे. पण मी हजर होतंय."

आरोप असलेल्या कर्मचाऱ्याला मदतीला दुसरा कर्मचारी घेता येतो. तिने माझं नाव दिलं. मला विचारलंही नाही.

चौकशीच्या दिवशी आम्ही एसटीने जिल्ह्याला गेलो. ती, मी आणि साक्षीला सुगंधा आणि आपा परब. बायने गणवेश घातला होता. घालायची गरज नव्हती, तरी घातला. चौकशी अधिकारी एक पोक्त बाई होत्या. शांत, नीट ऐकून घेणाऱ्या. सुगंधाने सांगितलं, सुरुवातीला ऑफिसच्या मराठीत आणि मग घाबरून आपल्या बोलीत, की बाय तीन दिवस आमच्यातच होती, पोरांचे ताप बघत होती, माझां पोर तिणाच काढल्यान. आपांनी सांगितलं की पेशंटला बसवायला बायची खोप गावानेच घालून दिली होती. मी मधूनमधून एवढंच म्हणत होतो की उपकेंद्र माणसांसाठी असतं, माणसं जिथे होती तिथे नर्स होती. अधिकारी बाई लिहून घेत होत्या. माझ्या जिवात जीव येत होता.

मग त्या लिहायच्या थांबल्या. सुगंधाला म्हणाल्या, "रक्त थांबवायचं इंजेक्शन दिलं होतं?"

"व्हय. दिल्यान."

अधिकारी बाईंनी कारमीनबायकडे पाहिलं. "ते थंड ठेवावं लागतं ना? माळावर कुठून आलं?"

कारमीनबायने सुगंधाकडे पाहिलं.

"नीट विचार करून सांगा," त्या अगदी हळू म्हणाल्या. "तुम्ही त्या दिवशी उपकेंद्र उघडून ते आणलं असेल, तर केंद्र बंद ठेवल्याचा आरोपच उभा राहत नाही. तसं असेल तर सांगून टाका."

त्यांनी दार सताड उघडून दिलं होतं. मी टेबलाखालून बायच्या पायाला पाय लावला. तिने पाय बाजूला घेतला. समोर सुगंधा पदराचं टोक पिळत बसली होती आणि तिच्या शेजारी गावाचा मानकरी. जन्मभर दुसऱ्याला दाखय दाखय म्हणत आलेली ही बाई, आणि आता तिची दाखवायची वेळ आली होती.

"या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही, मॅडम," ती शुद्ध मराठीत म्हणाली. "खोटं मला सांगता येत नाही."

अधिकारी बाई आपांकडे वळल्या. "तुम्हाला काही माहीत आहे का? त्या दुपारी तुम्ही कुठे होता?"

आपांनी आपल्या तळहातांकडे पाहिलं. "शिवेर होतंय, मॅडम. पण म्हातारो माणूस मी. जेवल्यार डोळो लागता."

त्यांनी डोळे वर केलेच नाहीत. शिवेवर होता, मग पाहिलं असणार, हे मला त्याच क्षणी कळलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक वाक्य, फक्त एक वाक्य या माणसाने बोलायचं होतं. परतीच्या गाडीत मी त्यांच्या शेजारची जागा सोडून मागे जाऊन बसलो. कारमीनबाय उठून माझ्याजवळ आली. "आपाक काय एक बोला नको," म्हणाली. "तो एकटो नाय. तेच्या पाठीर गाव आसा." पण त्या दिवसापासून आपांना नमस्कार करणंही मी सोडलं.

आदेश आला तेव्हा ती कोंबड्यांना दाणे टाकत होती. मीच पाकीट फोडलं. केंद्र बंद ठेवल्याचा आरोप सिद्ध, त्याबद्दल ठपका. गैरहजेरीचा आरोप सिद्ध होत नाही.

"नीट वाचलास?"

"सिद्ध होत नाही, असं लिहिलंय."

"सांगा नको, दाखय."

मी ओळ दाखवली. तिने हात साडीला पुसले, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ ठेवलं. मग ती उरलेले दाणे टाकायला वळली. तिला पाहून मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

ठपक्यासकट ती निवृत्त झाली आणि पाद्रीला टोपलीत घालून तारकर्लीला गेली. माझीही बदली झाली, वालावलला. मधून कधी तिच्याकडे जायचो. तिथेही ती पर्यटकांच्या पोरांची नखं तपासायची आणि "आमी आंघोळ केलीय" म्हणणाऱ्यांच्या कानामागे पाहायची. पावलू कपाळाला हात लावायचा. गावाचा विषय ती काढत नसे. कोण कोण आजारी आहे एवढं मात्र विचारायची.

पुन्हा पळणीचा कौल झाला तेव्हा आपा परब रिक्षा करून तारकर्लीला गेले आणि म्हणाले, बाय, खोप घातलंव तुजी, चल. मलाही निरोप होता. मी गेलो, ते तिच्यासाठी.

सकाळची वेळ. देवळासमोर गाव जमला होता. बैलांच्या गळ्यातल्या घंटा, टोपल्यांतल्या कोंबड्या, डोक्यावर गाठोडी. उपकेंद्राची नवी नर्स, साताऱ्याकडची पोरगी, बर्फाचा डबा मांडीशी धरून गोंधळून उभी होती. सुगंधाचा मुलगा एवढा मोठा झालेला, काखेत कोंबडी घेऊन सगळ्यांच्या पायात येत होता. कारमीनबाय पूर्वीच्याच जागी कडेला उभी होती. चपला काढलेल्या, पिशवी पोटाशी धरलेली. केस पार पांढरे झाले होते.

आपांनी पागोटं सारखं केलं आणि हाक मारली.

"बा देवा म्हाराजा! आज तुजी लेकरां गाव मोकळो करून शिवेभायर चलली आसत. गुरांढोरांची, पोराबाळांची राखण कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पाऊसपाण्याचं, पिकांचं, आजाऱ्यांचं मागणं झालं. प्रत्येकावर गाव होकार भरत होता. आता नगारा होणार म्हणून लोकांनी गाठोडी उचलली. पण आपा थांबले नव्हते.

"आणि म्हाराजा, गेल्या पळणीक एका बायेन तुजी शीव वलांडल्यान. तुज्याच लेकराचो जीव राखूक वलांडल्यान. मी बगलंय आणि तोंड फिरयलंय. तां पाऊल तिचां नव्हतां म्हाराजा, तां गावाचां होतां. काय दोष आसात तो गावार घाल, तिच्यार घाला नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

एकाही माणसाने दचकून शेजाऱ्याकडे पाहिलं नाही. कोण बाय, कसली शीव, असं कुणी विचारलं नाही. सुगंधाची सासूही सगळ्यांबरोबर ओरडली आणि तिने नातवाच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणजे सगळ्या गावाला माहीत होतं. कधीपासून, कोण जाणे. ऑफिसातल्या पंख्याखाली ज्याची जीभ उचलली नव्हती, तो माणूस इथे देवासमोर सगळं सांगून मोकळा झाला होता. माझा राग पुरता गेला असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी मी आपांच्या पायाला हात लावला.

कारमीनबायने चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला. नगारा झाला, गाव चालू लागला. ती नव्या नर्सजवळ गेली.

"इंजेक्शन घेतलंस मां?"

"घेतलं, बाय."

"सांगा नको, दाखय."

पोरीने डबा उघडला. कारमीनबायने वाकून आत पाहिलं आणि झाकण स्वतःच्या हाताने दाबून लावलं. मग सुगंधाच्या मुलाचा हात धरला, आणि गावाबरोबर ती व्हाळ ओलांडून गेली.